काळी सायकल उघडताना

२८ बाय दीडचा टायर लंडनमधल्या एखाद्या सायकलच्या दुकानात मागितलात, तर ‘मागवावा लागेल’ असं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. तोच वाईत, वैजापुरात किंवा वणीत मागा. दुकानदार छताला टांगलेल्या माळेतून एक ओढून काउंटरवर टाकेल आणि वर ‘ट्यूब पण देऊ का?’ म्हणून विचारेल. ज्या देशानं ही उंच, काळी, सळईच्या ब्रेकची सायकल घडवली तिथे ती हौशी मंडळींच्या गॅरेजात जाऊन बसली. आपल्याकडे ती अजून दूध घालते, गॅसची टाकी वाहते आणि शेतावर भाकरी पोचवते.

जुन्या सायकली घरच्या घरी उभ्या करण्याविषयी मराठीत वेगळं पुस्तक लिहायचं कारण या एका टायरात आहे. या विषयावरच्या इंग्रजी पुस्तकांतलं बरंचसं शहाणपण सुटे भाग कुठे शोधायचे आणि नाहीच सापडले तर काय करायचं, यावर खर्च झालेलं असतं. आपली अडचण नेमकी उलटी आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात प्रत्येक भाग नवा मिळतो, स्वस्त मिळतो, आणि मिस्त्री ‘कशाला जुन्यात जीव घालता, बदलून टाका’ म्हणून मागे लागतो. त्याचं ऐकत गेलं की चार रविवारांत जुन्या सायकलीच्या जागी एक नवी, आणि बहुतेकदा जुनीपेक्षा हलकी, सायकल उभी राहते. जुनीतलं उरतं ते नाव. तेव्हा इथे खरा प्रश्न आहे काय ठेवायचं याचा. पुढची सगळी प्रकरणं, म्हणजे पाने, छर्रे, ग्रीस, गंज हे सगळं, त्या एका प्रश्नाभोवती फिरतात.

सायकलीचा इतिहास सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत, म्हणून मी तो धावता सांगतो. १८८५ साली कॉव्हेन्ट्रीत जॉन केम्प स्टार्ली यानं ‘रोव्हर’ आणली. जवळजवळ सारखी दोन चाकं, मागच्या चाकाला चेन. १८८८ मध्ये डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. विसावं शतक उजाडून काही वर्षं झाली नाहीत तोच रोजच्या वापराच्या सायकलीचा आकार कायम झाला, आणि त्यात ढवळाढवळ करण्याची गरज पुढे कुणाला फारशी वाटली नाही. रॅले, हंबर, रज, बीएसए, फिलिप्स, हर्क्युलस अशा नावांनी ती बोटीतून इथे आली. मग मुंबईत वरळीला हिंद सायकल, १९४९ साली मद्रासमध्ये टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानात हीरो. या कारखान्यांनी इंग्रजी सायकलीची मापं जशीच्या तशी उचलली, आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते हेच. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. चेनची कडी अर्ध्या इंचाची. मागच्या हबात पाव इंची छर्रे. त्यामुळे आजोबांच्या काळातल्या विलायती हबात लुधियानाचा कालचा एक्सल मुकाट बसतो. सत्तर वर्षांत देशाचे रुपये-आणे बदलले, शेर-मण गेले, पण सायकलीच्या दुकानात इंच टिकून राहिला.

अपवाद एकच, पण तो चांगलाच त्रास देतो. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याचे आटे स्वतःचे होते. बाकीच्या बहुतेक कारखान्यांच्या, क्रँकच्या एक्सलभोवती बसणाऱ्या खालच्या कपाला इंचाला २४ आटे, तर रॅलेच्या चौकटीला २६. बाजारातला कप पहिला अर्धा फेरा गोडीनं आत जातो आणि मग अडतो. इथे पाना लांब करून जोर लावणारा मिस्त्री भेटला तर त्याच्या हातून सायकल काढून घ्या. चौकटीतले आटे एकदा गेले की ते परत येत नाहीत. रॅलेचे जुने कप जपून ठेवावेत. थोडेफार खड्डे पडलेले असले तरी नवे छर्रे आणि भरपूर ग्रीस घालून ते पुष्कळ वर्षं चालतात.

आता सायकल मिळवायची कुठून? पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे, आणि प्रत्येक गावात भंगारवाला आहेच, जो ही सायकल वीस-बावीस किलो लोखंड म्हणून तोलतो. पण सर्वांत चांगल्या सायकली बाजारात येतच नाहीत. त्या वाड्याच्या जिन्याखाली असतात, गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या असतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन्ही टायर बसलेल्या अवस्थेत उभ्या असतात. मालकाला विचारावं. पावती असण्याची आशा धरू नये, पण सायकल कुणाची होती हे सांगणारा माणूस समोर असावा. चौकटीवरचा नंबर त्याच्यादेखत वहीत उतरवून घ्यावा. अर्धवट घासून टाकलेला नंबर दिसला तर तिथून निघावं.

घेण्याआधी गंजाकडे बघूच नका. गंज भडक दिसतो आणि बहुतेक वेळा वरवरचा असतो. बघायचं ते पुढच्या नळीकडे. हँडलच्या नळीला खालची तिरकी नळी जिथे मिळते, त्याच्या बोटभर मागे खालच्या अंगाला बोट फिरवा. तिथला रंग सुरकुतला असेल, पत्रा किंचित फुगल्यासारखा लागला, तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. मग मागे उभं राहून एक डोळा मिटून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते पाहावं. सीटची नळी फिरते का बघावं. जाम झालेली सीटची नळी काढणं हा महिनाभराचा उद्योग होऊ शकतो. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, वाकलेला असला तर बदलता येतो, पण चौकट वाकलेली असली तर दुसरी सायकल शोधावी.

ती कोणत्या घरची, हे ओळखायला चेनचं मोठं चक्र कामाला येतं. जुन्या कारखान्यांना आपली निशाणी तिथे कोरायची हौस होती. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी सापडतात, हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृत्या, रजच्या चक्रात हाताचा पंजा. बीएसए मुळात बर्मिंगहॅमचा बंदुकांचा कारखाना, म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. हंबर लांबूनही ओळखू येते, कारण तिच्या चिमट्याच्या प्रत्येक बाजूला एका जाड नळीऐवजी दोन बारीक नळ्या असतात. पण आपल्याकडच्या सायकली बहुधा संकरित असतात. चौकट हर्क्युलस, चक्र रॅले, मडगार्ड ॲटलस, सीट कुणाची ते ब्रह्मदेवाला ठाऊक. शुद्धतेचा आग्रह धरणारे संग्राहक अशा सायकलीला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. पन्नास वर्षांत हातात येईल तो भाग लावून जी सायकल चालती ठेवली गेली, तिचं ते मिश्रण हीच तिची हकिकत आहे. ते काढून टाकून १९५२ च्या कॅटलॉगातलं चित्र उभं करायचं असेल तर तो वेगळा छंद, आणि महागही.

हेच मालकांनी केलेल्या बदलांचंही. घड्याळ आणि रेडिओच्या जोडीनं सायकल लग्नात मागून घेतली जायची तो काळ फार जुना नाही. अशा सायकलीच्या चेनकव्हरवर पेंटरनं नवऱ्या मुलाचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं, कधी नळीवर छिन्नीनं ठोकलेलं असतं. हबाभोवती रंगीत ब्रशची कडी असते, मडगार्डाला रबरी झालर असते. पुण्याच्या एखाद्या सायकलीला कर भरल्याचा महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला अजून लटकलेला सापडतो, पुढे दिव्याची कडी असते. दिवा नसला की पोलीस चाकाची हवा सोडायचा, त्या दिवसांची ती कडी. हे सगळं ‘मूळ’ नाही म्हणून काढून फेकणाऱ्यांच्या हातात पाना देऊ नये असं माझं मत आहे. झालर कुजली असेल तर नवी लावा. नावाला मात्र हात लावू नका.

उघडायला सुरुवात होते ती क्रँकच्या कॉटरपासून, आणि निम्म्या सायकली इथेच नासतात. कॉटर म्हणजे क्रँक एक्सलवर घट्ट धरणारी पाचरीसारखी खीळ. एक टोक जाड, दुसऱ्या टोकाला आटे आणि नट. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी आणि चिखल पिऊन ती क्रँकमध्ये रुतून बसलेली असते. आदल्या रात्री दोन्ही तोंडांशी पातळ तेल सोडून ठेवावं. सकाळी नट पूर्ण न काढता इतकाच सैल करावा की त्याचा माथा खिळीच्या टोकाशी बरोबर सपाट येईल, म्हणजे घाव आट्यांवर बसणार नाही. मग जे करायचं ते बहुतेक जण करत नाहीत: क्रँकच्या खाली, खिळीच्या जाड तोंडाला जागा सोडून, लोखंडी नळीचा तुकडा जमिनीवर टेकवून उभा करायचा. सायकलीचा भार त्या नळीवर आला पाहिजे. हा आधार नसला की हातोडीचा घाव क्रँकमधून एक्सलवर आणि एक्सलवरून कपातल्या छर्‍यांवर जातो, आणि कपात खळगे पडतात. आधार नीट असला की जड हातोडीचा एक नेमका घाव पुरतो. वीस हलके घाव घातले तर खिळीचं टोक चेपतं, मशरूमसारखं पसरतं, आणि मग ड्रिलशिवाय गती राहत नाही.

नवी कॉटर दहा-पंधरा रुपड्यांची चीज म्हणून लोक ती तशीच ठोकून देतात. तिची सपाट बाजू कानशीनं घासून बसवावी लागते. घासायची, घालायची, काढायची, एक्सलवर चमक कुठे उमटली ते बघायचं, पुन्हा घासायची. दोन्ही बाजूंच्या खिळी एकमेकींच्या उलट दिशेनं घालाव्या लागतात, नाहीतर दोन पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि चालवताना गुडघा लगेच तक्रार करतो. गावाकडचा जुना मिस्त्री हे काम गप्पा मारता मारता करतो. त्याच्याशेजारी बसून एक तास बघावं. त्या तासात जे हाताला कळतं ते मी दहा पानांत लिहिलं आहे, आणि तरी ते कमीच पडणार आहे.

आट्यांविषयी आणखी एक. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि खालच्या उजव्या कपाचेही. जे सुटत नाही त्याला आणखी जोर लावण्याआधी आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे बघावं. उजवा कप चांगला असेल तर तो काढूच नये, जागच्या जागी पुसून घ्यावा.

छर्‍यांचं काम मला सर्वांत आवडतं आणि ते सर्वांत सोपं आहे. जुना ग्रीस मेणासारखा घट्ट झालेला असतो. तो डिझेलनं धुवायचा, कारण रॉकेल आता सहज मिळत नाही. कप आणि कोन फडक्यानं कोरडे करून उजेडात धरायचे. कोनावर छर्‍यांची वाट घासून चकचकीत झालेली दिसेल. ती वाट गुळगुळीत असेल तर कोन चालेल, तिच्यात नखाला टोचणारे खड्डे असतील तर बदलायचा. छर्रे मात्र दरवेळी नवेच घालावेत, सगळे एकाच पाकिटातले. जुने आणि नवे मिसळले की भार मोठ्या असतील त्या चार-दोन छर्‍यांवर जातो. मागच्या हबात प्रत्येक बाजूला पाव इंची ९, पुढच्यात त्याहून बारीक, ३/१६ इंची, १०. ग्रीसमध्ये एकेक टेकवत जायचं. शेवटी थोडी फट राहिली पाहिजे. ती भरायला आणखी एक छर्रा दाबून घालण्याचा मोह होतो, तो आवरावा.

मग कोन आवळायचा. किती, याला एक जुनी परीक्षा आहे आणि तिला कोणतंही यंत्र लागत नाही. चाक उचलून हलकेच फिरवा आणि आपोआप थांबू द्या. व्हॉल्व्ह हा चाकाचा सर्वांत जड भाग. चाक थांबता थांबता मागेपुढे झुलून व्हॉल्व्ह खाली येऊन थांबला तर कोन बरोबर आहे. चाक मध्येच कुठेही गप्पकन थांबलं तर आवळलेला जास्त आहे. आणि रिम धरून आडवी हलवल्यावर टकटक जाणवली तर सैल.

चाकाचा आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढणं शिकवण्यासारखं आहे, पण पुस्तकातून फार थोडं. एकच सांगतो. सळईच्या ब्रेकचे रबर रिमच्या बाजूंवर दाबत नाहीत, खालून रिमच्या आतल्या कडेला लागतात. त्यामुळे नव्या सायकलीवर शिकलेला माणूस डावा-उजवा आऊट काढून मोकळा होतो आणि ब्रेक दाबला की सायकल प्रत्येक फेऱ्याला एक आचका देते. इथे वर-खालचा आऊट आधी. आणि हे ब्रेक पावसात अर्धेही लागत नाहीत, कितीही चांगले बसवा. ओल्या स्टीलच्या रिमवर रबर घसरतो. जुलैत अशी सायकल घेऊन उतारावरून निघणाऱ्यानं वेळेत उतरून चालावं.

आता रंग. या पुस्तकात रंगाचं प्रकरण मुद्दाम शेवटून दुसरं ठेवलं आहे, आणि माझी खरी इच्छा विचाराल तर ते अनेकांनी वाचूच नये. सायकल घरी आणली की पहिली कल्पना सुचते ती रंगाची. भाग सुटे केले, पावडर कोटिंगवाल्याकडे दिले, आठवड्यानं काळे कुळकुळीत होऊन आले. फोटो छान येतो. पण जुना काळा रंग भट्टीत भाजलेला असतो, त्यावरच्या सोनेरी रेघा कुणीतरी हातानं ब्रश ओढून काढलेल्या असतात, आणि कारखान्याच्या नावाचे छाप चिकटवलेले असतात. हे परत करता येत नाही. पावडर कोटिंगआधी सँडब्लास्टिंग होतं, त्यात छिन्नीनं ठोकलेलं नावही बोथट होतं. वर जाड थर बसतो तो आट्यांतही बसतो, आणि कप घालताना तो पुन्हा खरवडावा लागतो.

त्याऐवजी साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, आणि गाडीला लावतात ते पॉलिश घ्यावं. थिनर चुकूनही नको, सोनेरी रेघ त्यानं एका पुसण्यात जाते. शिसं असलेला जुना रंग घरात कोरडा घासू नये. जिथे घासणं भाग आहे तिथे पाणी लावून पॉलिश पेपर वापरावा आणि तो गाळ मुलांच्या हाती लागू देऊ नये. क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो, क्रोमला ओरखडा न पडता. पितळी बिल्ल्याला देवाची भांडी घासायची चिंच पुरे, पण बिल्ल्यावर रंग भरलेला असेल तर तीही नको. जिथे रंग उडून लोखंड उघडं पडलं आहे तिथे गंज काढून तेवढ्याच जागी काळा रंग लावा. तो शेजारच्या रंगाशी जुळणार नाही. जुळू नये हेच बरं, पुढच्या माणसाला आपण काय केलं ते कळतं. आणि जे काही रंगकाम असेल ते दिवाळीनंतर. पावसाळ्यातल्या दमट हवेत ब्रशनं लावलेला रंग धुरकट होतो, मग दोष डब्याला जातो.

चामड्याच्या सीटबद्दल लोक फार धास्तावलेले असतात. चामडं वाळून तडकलं नसेल तर ती वाचते. तेलात भिजवू नये, त्यानं चामडं लोंबतं. मेणाचं मलम हलकं चोळून ठेवावं, आणि नाकाखालचा ताण द्यायचा बोल्ट सहा महिन्यांत एखाद्या फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये.

इथवरचं सगळं गॅलरीत, जुन्या वर्तमानपत्रांवर बसून होतं. लागतात ते पाच-सहा पाने, एक जड हातोडी, कानस, तारांचा पाना, हवेचा पंप. बाकीची हत्यारं विकत घेण्यापेक्षा मिस्त्रीकडून अर्ध्या तासासाठी मागून आणावीत. त्यानं ओळख होते. ही ओळख लवकर केलेली बरी. ॲटलसचा शेवटचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, जागतिक सायकल दिनीच बंद झाला. दुकानांत गिअरच्या सायकली पुढे आल्या, काळी मागच्या रांगेत गेली. भाग अजून आहेत, पण कॉटर कानशीनं बसवणारे हात दुकानांतून कमी होत चालले आहेत, आणि त्यांच्या जागी आलेल्या मुलाला ती खीळ दाखवली तर तो बदलायची कशी हे आपल्यालाच विचारतो.

शेवटचं प्रकरण थ्री-स्पीडचं आहे. स्टर्मी-आर्चरचा एडब्ल्यू हब १९३६ पासून बनत आला. त्याच्या अंगावर अक्षरांखाली बहुधा ‘५४ ९’ यासारखे आकडे ठोकलेले दिसतात, म्हणजे १९५४ चा सप्टेंबर. सायकलीचं वय सांगणारा याहून चांगला दाखला नाही, चाक बदललेलं नसेल तर. पहिल्याच सायकलीला हा हब मिळाला तर हुरळून जाऊन तो उघडू नका. आत बारीक स्प्रिंगा आहेत आणि त्या घरात हरवतात. बहुतेक हब मोडलेले नसतात, जुनं तेल आत चिकटून बसलेलं असतं. बाहेरच्या छोट्या टोपीतून पातळ तेल दोन चमचे सोडा. ग्रीस नाही. गिअर दोनवर ठेवून, एक्सलच्या टोकाच्या नटाला जे भोक असतं त्यातून आतली बारीक दांडी एक्सलच्या टोकाशी बरोबर सपाट येईल इतकी तार ओढून घ्या. तार चुकीची असली तर दोन आणि तीनच्या मध्ये पायडल एकाएकी मोकळं फिरतं, म्हणून सुरुवातीला उभं राहून पायडल मारू नका. मग आठवडाभर रोज थोडी चालवा, तेल आत फिरू द्या. तिन्ही गिअर लागायला लागले, तर ते प्रकरण न वाचता पुस्तक मिटलंत तरी माझी हरकत नाही.